केलरमधले बूट

आमच्या स्टुटगार्टच्या इमारतीत तळमजल्यावर नागपूरचे एक संशोधक राहतात. दर उन्हाळ्यात ते लॅपलँडमधल्या एका नदीवर समुद्रातून वर येणारे सॅमन मासे मोजायला जातात. नदीबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. "अर्धं वर्ष बर्फाखाली झोपते, ताई. मग रेनडिअर पोहत पार जातात, वर गरुड घिरट्या घालतात. गेनाऊ!" 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा हा जर्मन शब्द त्यांच्या तोंडी सारखा असतो.

परतले की त्यांचे कमरेपर्यंतचे रबरी बूट इमारतीच्या सामाईक केलरमध्ये, म्हणजे तळघरात, टांगलेले असत आणि माशांचा वास जिन्यापर्यंत येई. मी घरमालकाकडे दोनदा तक्रार केली होती. दोन्ही वेळा त्यांनी येऊन माफी मागितली.

यंदा ते येऊन आठवडा झाला, तरी वास नाही. जिन्यात भेटले तेव्हा मी खुशीत म्हटलं, "या वेळी बूट छान धुतलेत हं!"

त्यांनी दाराला किल्ली लावली.

"धुतले नाहीत, ताई. मासे आलेच नाहीत."