रविवारी चार वाजता ताई

खळी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून जबड्यांचे प्लास्टरचे साचे लॅबमध्ये येतात. ती त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवते, कोरते, एकेक दात बसवते. सगळे दात ओळीत लागले की तिला ते खोटे वाटतात. मग ती एखादा दात केसभर वाकडा करते. "अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं," असं ती म्हणते.

म्हणते म्हणजे हातांनी म्हणते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. खळी हे तिचं हातांचं नाव. गालावर बोट टेकवायचं आणि किंचित फिरवायचं. कागदावरचं नाव वेगळं आहे, ते फक्त बँकेला लागतं. खळी हे नाव ताईने ठेवलं.

ताई दोन वर्षांनी मोठी. तिलाही ऐकू येत नाही. घरात बाकीचे सगळे ऐकणारे. आई-वडिलांना हातांचे मोजकेच शब्द यायचे. जेव, झोप, चल, नको. त्यापलीकडचं सगळं जग खळीला ताईने सांगितलं. मामा का रुसलाय, शेजारीण का रडतेय, पाहुणे जाता जाता आईला हळूच काय म्हणाले. ताईलाही ऐकू यायचं नाही, पण ती माणसांच्या तोंडाकडे बघून ताडायची, आणि जे ताडता यायचं नाही ते रचायची. खळीला आजही माहीत नाही, त्यातलं खरं किती होतं.

भावजी गेले आणि ताई लेकाकडे राहायला गेली. एक दिवस आणि एक रात्र प्रवास करावा इतक्या लांब. तिथल्या कर्णबधिर मंडळाने तिला बरोबर हेरलं. दर रविवारी चार वाजता ताई मंडळाच्या हॉलमध्ये लोकांसमोर, कॅमेऱ्यापुढे उभी राहते आणि गोष्ट सांगते. ती त्याच वेळी घरोघरी दिसते. दोन हातांत ती अख्खी गल्ली उभी करते. जिने, दारं, भांडणारे शेजारी, खिडकीतलं मांजर. खळी चारच्या आधीच खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसते. त्या पाऊण तासात दार वाजलं तर नवऱ्याने बघायचं.

नवरा ऐकणारा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. त्याचंही नाव ताईनेच ठेवलं. अंगठा वर, अंगठा खाली. इतकी वर्षं संसार झाला तरी त्याचे हात अजून जाड बोलतात. "तुझ्या हातांना हेल आहे," असं खळी त्याला चिडवते. हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. तिने त्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच केलं, आणि सासूला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

काही महिन्यांपूर्वी ताई अडकायला लागली.

हात उचलला की तो हवेत थबकायचा, मग एकदम खाली यायचा. बोटं एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायची. मधला रस्ताच दिसायचा नाही. आणि या भाषेत मधल्या रस्त्यातच बरंचसं बोलणं असतं. ऐकणाऱ्यांचं चित्र अडकलं तरी आवाज चालू राहतो, गोष्ट कळते. खळीचं चित्र अडकलं की ताईच मुकी व्हायची.

फोनवरही ती दिसेनाशी झाली होती. पूर्वी संध्याकाळी दोघी तास तास बोलायच्या. मग ताईचा मेसेज आला, फोनचा कॅमेरा गेला, लेकाला दुरुस्तीला वेळ नाही. खळीने लिहिलं, मी येऊन जाते. ताईने लिहिलं, आत्ता नको, घरात रंगकाम काढलंय. रंगकाम संपता संपेना. उरला तो रविवारचा पाऊण तास, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी.

"मी बघतो," नवरा म्हणाला. त्याने हेडफोन कानाला लावले, बरीच खाटखूट केली आणि अंगठा वर केला. "झालं! आता एकदम स्वच्छ."

"काय स्वच्छ?"

"आवाज! मागे कोणीतरी खुर्ची सरकवली, तीसुद्धा ऐकू आली."

खळी त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा अंगठा हळूहळू खाली आला.

"त्या खुर्चीला माझा नमस्कार सांग," खळी म्हणाली.

त्या दिवसापासून तो इरेला पेटला. "घोडं कुठे पेंड खातंय ते शोधूनच काढतो," म्हणाला. लिफ्टचा त्याचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही. पुढच्या रविवारी त्याने चित्राची क्वालिटी कमी केली. चित्र जरा पळायला लागलं, पण ताईची बोटं एकमेकांत वितळली.

"तिने हातमोजे घातलेत का?" खळीने विचारलं.

त्याने क्वालिटी परत वाढवली. मग त्याचं लक्ष वायफायकडे गेलं. राउटर स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे होता. तिथून त्याने भिंतीच्या कडेने केबल ओढत थेट कॉम्प्युटरला जोडली. खळी दोनदा त्यात पाय अडकून पडता पडता वाचली. चित्र थोडं सुधारलं. मग त्याला सापडलं की त्याने जन्मभर काढलेले लिफ्टचे फोटो मागच्या मागे कुठेतरी वर चढवले जात होते, आणि त्यातच निम्मं इंटरनेट खर्ची पडत होतं.

"म्हणजे माझ्या बहिणीच्या वाटेत तुझ्या लिफ्ट उभ्या होत्या."

"वर जात होत्या ना, म्हणून," तो ओशाळून म्हणाला.

नंतर त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतल्या पंख्यावर नमद्यासारखी धूळ बसली होती. खळीने लॅबमधला मऊ ब्रश आणून दिला आणि शेजारी उभी राहून त्याच्याकडून पातं न् पातं साफ करून घेतलं. कॉम्प्युटर आता तापेना. शेवटी एक सेटिंग सापडलं. चित्राचं काम ग्राफिक्स कार्डाने करायचं, तर ते बंदच होतं. "सगळं ओझं एकाच मोटरवर! कशी चालेल लिफ्ट?" तो तोंडाने मोठ्याने बोलला, मग आठवण होऊन हातांनी.

ताई फक्त रविवारी दिसायची. म्हणून मधल्या दिवसांत तो एका नदीवर तपासून बघायचा. कुठल्याशा पुलावर कॅमेरा होता, त्यातून नदी दिवसभर थेट दिसायची. सुरुवातीला पाणी पायऱ्या उतरत आल्यासारखं यायचं. प्रत्येक इलाजानंतर ते थोडं थोडं वाहायला लागलं. त्या शनिवारी त्याने खळीला बोलावलं. पुलाखालून एक बदक सरळ, सलग पोहत गेलं. दोघं ते पडद्याच्या कडेपर्यंत बघत राहिली.

"आता उद्या ताई," तो म्हणाला.

रविवारी चार वाजता ताई आली. निळा सदरा, केस मागे बांधलेले. गोष्ट एका चोराची होती. घरमालक अवेळी परततो आणि चोर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत लपतो. पाणी बर्फासारखं गार. मालक गच्चीवर खुर्ची टाकून बसतो, उठायचं नाव घेत नाही. चोराचे दात वाजताहेत, हात कापताहेत, आणि टाकीचं झाकण थडथडतंय. चित्राखाली घरोघरच्या बघणाऱ्यांनी पाठवलेले हसरे चेहरे आणि बदाम धो धो वाहत होते.

आणि ताईचे हात अडकत होते. पहिल्यासारखेच.

नवऱ्याने माउस धरला. त्याने एक काळी चौकट उघडली. चित्राचे किती तुकडे वाटेत गळले, त्याचा आकडा तिथे दिसतो. तिथे शून्य होतं. त्याने चष्मा पुसला आणि परत बघितलं. "शक्य नाही. एकही गळत नाहीये. तरी अडकतंय."

खळीचं लक्ष ताईच्या मागे गेलं होतं. तिथे एक टेबलफॅन होता. त्याच्या जाळीला कोणीतरी रिबीन बांधली होती. ती सळसळत होती, एकसारखी, न थांबता. मागून एक बाई पाण्याचा ग्लास घेऊन गेली. तिचं पाऊल, ग्लासातलं पाणी, पदराची कड, सगळं सलग होतं.

नवरा क्वालिटी कमी करायला निघाला. खळीने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे. कॉम्प्युटर बरा आहे."

"अगं, बघ ना तिचे हात..."

"तेच बघतेय."

चोर टाकीत कापत होता. ताईचा उजवा हात कापत होता आणि डाव्याने तो मनगटाजवळ धरला होता, जणू चोर स्वतःलाच दटावतोय. लोकांना वाटत होतं काय अभिनय आहे! खळीला मागचा रविवार आठवला. भिजलेलं मांजर. त्याच्या आधी तापाने फणफणलेला घरमालक. त्याच्या आधी सुईत दोरा ओवणारी म्हातारी, आणि त्याही आधी परीक्षेला घाबरलेला मुलगा. किती महिने झाले, ताईच्या गोष्टीत धडधाकट माणूस आलाच नव्हता.

खळीने एकदा चित्राखाली लिहून विचारलंही होतं, कोणाला चित्र अडकलेलं दिसतंय का? लोकांनी लिहिलं होतं, नाही, मस्त दिसतंय. तिने घरच्या जुन्या कॉम्प्युटरला शिव्या घातल्या होत्या.

गोष्ट संपली. हॉलमधल्या लोकांचे वर केलेले हात पडद्याच्या कडेला हलताना दिसले, ती त्यांची टाळी. ताई वाकली आणि तिने हात झटकन पाठीमागे नेले. चित्र बंद झालं.

नवऱ्याने माउस बाजूला सरकवला. मग त्याने आपल्या जाड हातांनी विचारलं, "कधीपासून?"

खळीने खांदे उडवले. तिला खरंच माहीत नव्हतं. कॅमेरा कधी गेला, रंगकाम कधी निघालं, ते ती मनात मागे मागे मोजत होती.

थोड्या वेळाने ताईचा मेसेज आला. दर रविवारी यायचा तसाच. "आज तरी नीट दिसलं का?"

खळीने फोन हातात घेतला. "नाही, आजही अडकलं," असं लिहिलं असतं तर सगळं होतं तसं राहिलं असतं. ताई पुढच्या रविवारी उभी राहिली असती. गोष्टीतला एखादा भाजीवाला थंडीने कुडकुडला असता. पण मग संध्याकाळचे ते तास तास कधीच परत आले नसते. खळीने लिहिलं, "हो. आज सगळं नीट दिसलं."

पलीकडे ताई लिहिते आहे असं दिसलं. मग दिसेनासं झालं. परत दिसलं. परत गेलं. नवरा चहा ठेवायला उठला, तेवढ्यात फोन थरथरला. व्हिडिओ कॉल. बिघडलेल्या कॅमेऱ्यातून ताई स्वच्छ दिसत होती. तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि दोन्ही हात समोर आणले. लपवले नाहीत.

"कधी कळलं?"

"आज."

"खोटारडी. तुला आधीच कळलं असणार."

"शपथ. मी याला कामाला लावला होता. घरभर केबल पसरलीय."

ताई हसली. हसताना तिचा वरचा एक दात केसभर वाकडा दिसतो. तो खळीनेच बसवला होता. मग ताई बोलायला लागली. एकेक शब्द उशिरा येत होता. हात निघायचा, वाट चुकायचा, परत यायचा. डॉक्टर म्हणतात हा कंप वाढत जाईल. गोळ्या आहेत, पण त्यांनी झोप येते. लेकाला सांगितलंय, मंडळाला नाही. "तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि रडताना तुला काही दिसत नाही. मग मी कोणाशी बोलणार होते?"

खळी रडत होती. तिने डोळे बाहीने पुसले, पण नजर हलू दिली नाही.

"मी येतेय," ती म्हणाली. "रंगकाम असू दे."

"रंगकाम कसलं, भिंती तशाच आहेत." ताई थांबली. मग भुवया वर करून म्हणाली, "पुढच्या रविवारची पंचाईत आहे. कापणारी माणसं संपली गं."

"न कापणाऱ्याची सांग."

"या हातांनी?"

"याच हातांनी. मला कळेल."

ताईने मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. लहानपणी काहीतरी रचायला लागली की ती अशीच बघायची. मग तिने हात वर घेतले. एक गवंडी होता, म्हणाली. उंच भिंतीवर उभा. हातात भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा.

ओळंब्याची दोरी हलत होती. ती सरळ करता करता ताईचा हात तीनदा घसरला. खळीला तो हात घट्ट धरावासा वाटला. तिथे असती तर तिने धरलाही असता, आणि ताईचं बोलणं बंद पडलं असतं. नवरा चहा घेऊन आला, पडद्याकडे बघून दारातच थांबला. ताईचा हात हवेत तसाच होता, शब्द शोधत. खळीने खुर्ची पुढे ओढली आणि वाट बघत बसली.