भानुमतीचा सागर

रेल्वेवाल्याच्या बायकोला जग फुकट बघायला मिळतं, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! भानुमतीने लग्नानंतर रेल्वेच्या पासावर काय काय पाहिलं ते ऐका: ग्वाल्हेरला नणंदेची बाळंतपणं, इंदूरला एक मुंज, कानपूरला दिराचं मोडता मोडता जमलेलं लग्न, आणि प्रयागला सासऱ्यांच्या अस्थी. दरवर्षी पास निघे आणि दरवर्षी तो कुणाच्या तरी कामी येई.

बाकीचं जग तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. जुनी कॅलेंडरं, रद्दीतली मासिकं, जिथे जे मिळेल ते कापून घ्यायची. इजिप्तचे पिरॅमिड होते, पॅरिसचा लोखंडी मनोरा होता, नायगाराचा धबधबा होता, बर्फाची टोपी घातलेला जपानचा डोंगर होता. मधोमध एक नुसताच निळा कागद होता, वर फिका आणि खाली गडद. झाशीतल्या प्रेमनगरच्या शेजारणी साखर मागायला आल्या की कपाट उघडायला लावत आणि विचारत, "भाभीजी, आज कहाँ की सैर?" भानुमतीही हसून सांगे, "आज पॅरिस." बाई रडकी नव्हती, पण हावरी होती. बघण्याची हावरी.

नवरा जनार्दन वॅगनच्या कारखान्यात फिटर. माणूस सोन्याचा, मराठी मात्र पितळेची. आई लहानपणीच गेलेली, वडील सदा ड्युटीवर, हा वाढला बुंदेली शेजाऱ्यांच्या अंगणात. घरातले निम्मे मराठी शब्द त्याने बायकोकडून उचलले आणि निम्मे उचलायचे राहून गेले. त्या राहिलेल्यांतलाच एक पुढे नडला.

भानुमतीच्या माहेरी समुद्राला कुणी समुद्र म्हणत नसे, सागर म्हणत. पूर्वज कोकणातून इकडे पूजाअर्चेसाठी आलेले. कोकण सुटलं, नारळी पौर्णिमा सुटली नाही. सगळी झाशी राख्या बांधण्यात दंग असताना तिची आई घंगाळात पाणी भरून त्यात मूठभर मीठ टाकी, नारळ वाही आणि मुलींना म्हणे, "नमस्कार करा. खरा सागर लांब आहे, तोवर हाच." भानुमतीने ही रीत सासरीही चालू ठेवली. जनार्दन घरी येईपर्यंत घंगाळ आवरलेलं असे आणि पानात नारळी भात वाढलेला असे. भातावर तो बेहद्द खूश. भातामागचं कारण त्याने कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

चाळिशी उलटली आणि भानुमती चौकटींना धडकू लागली. बांगडीतून बघावं तेवढंच तिला दिसे. बाजूचं बघायला मान वळवावी लागे. इलाइट चौराह्याजवळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर अशीच कडेकडेने आत येत जाणार होती. डॉक्टर मवाळपणे म्हणाले, "माताजी, जो देखने का मन हो, इसी साल देख लीजिए."

त्या संध्याकाळी जनार्दन कपाट उघडून दारासमोर उभा राहिला. 

"भानू, हे पॅरिस-वॅरिस तर माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "पण जिथपर्यंत आपली रेल जाते, तिथपर्यंत बोल. सगळ्यात पहले काय बघायचंय?"

"सागर," ती म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही.

आता झाशीत कुणालाही सागर म्हटलं की आठवतं ते बीनाला गाडी बदलून जायचं गाव. तिथे भानुमतीची मावसबहीण अंबिका राहत होती. जनार्दनचं मन हेलावलं. दारावर जगातली आश्चर्यं आणि मनात काय, तर बहीण! बायकांना माहेरचं माणूस म्हणजेच पिरॅमिड, असं मनाशी म्हणत त्याने डोळे पुसले, आणि वर्षातला उरलेला एकुलता एक पास सागरचा काढून आणला.

भानुमतीने ट्रंकेत साड्यांच्या घडीत एक नारळ ठेवला. गाडी मुंबईचीच होती. खिडकीशी बसून ती मान वळवून वळवून शेतं, नद्या, पूल बघत राहिली. बीना आलं तशी जनार्दनने वळकटी उचलली.

"चल, उतर."

"इथे? गाडी तर मुंबईला जातेय ना?"

"ती जाईल. सागरची गाडी पलीकडे लागते. अंबिकाला कळवून ठेवलंय मी."

भानुमती उभीच राहिली. काय झालं ते तिला लख्ख कळलं. आता बोलले नाही तर सागर गेला. पुढच्या पासापर्यंत डोळे थांबणार नव्हते. तोंड उघडायला ती वळली, तर समोर जनार्दन. एका हातात ट्रंक, काखेत वळकटी, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की लग्नाच्या बोहल्यावरही नव्हता. त्याचा हात धरून ती खाली उतरली.

अंबिकाने कौतुकाने ठेवून घेतलं. पुरणपोळी झाली. संध्याकाळी सगळे गावच्या मोठ्या तलावावर गेले. जनार्दन घाटाच्या पायऱ्यांवर पाहुण्याच्या रुबाबात उभा राहून म्हणाला, "बघितलं भानू? हे तुझं सागर."

"बघितलं. छान आहे," भानुमती म्हणाली. तिला रडू येत होतं. ते तिने पदराने तोंड पुसून परतवलं.

दुसऱ्या सकाळी जनार्दन ट्रंकेत पंचा शोधत होता. हाताला नारळ लागला.

"अगं ताई, नारळ झाशीहून कशाला गं आणलास?" अंबिका हसली. "आमच्याकडे काय मिळत नाही?"

"असू दे," भानुमती पटकन म्हणाली.

पण अंबिकाही त्याच रीतीत वाढलेली. तिने नारळाकडे पाहिलं, ताईच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू विरलं. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "आमच्या घरात समुद्राला सागर म्हणतात. ताईने तुमच्याकडे हे गाव नव्हतं हो मागितलं."

कपाटाच्या दारावरचा तो निळा कागद, ज्याला जनार्दन इतकी वर्षं आभाळ समजत होता, त्याच्या डोळ्यांपुढे आला.

"बीनालाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर बीनाला त्याने तिला बाकावर बसवलं आणि म्हणाला, "हललीस तर बघ." मग तो तिकिटाच्या खिडकीपुढे रांगेत जाऊन उभा राहिला. रेल्वेच्या घरात जन्मलेल्या ह्या माणसाने आयुष्यात कधी तिकीट काढलं नव्हतं. तिकीट काढणं हे उतारूंचं काम. दादरची दोन म्हणताना त्याची जीभ अडखळली. बाबूने त्याच्या अंगावरचा रेल्वेचा कोट पाहून विचारलं, "क्यों भैया, पास नहीं है?"

"पास दूसरी जगह का है," जनार्दन म्हणाला. "जाना यहाँ है." रजा संपली होती, साहेब ओरडणार होता. ओरडू दे, म्हणाला.

दादरला उतरून विचारत विचारत दोघं किनाऱ्याला आली. पाण्यात पाय भिजवून भानुमतीने नारळ वाहिला, नमस्कार केला आणि मग सागर बघायला लागली. बांगडीएवढी नजर, म्हणून ती डावीकडून सुरुवात करून हळूहळू मान उजवीकडे नेत होती. पाणी. आणखी पाणी. पार टोकापर्यंत मान जाऊन आली, परत सुरुवात केली, आणि ती लहान मुलीसारखी हसायला लागली.

"अहो, हा सरतच नाही."

जनार्दन मागे ट्रंक सांभाळत उभा होता. त्याने शब्द शोधून शोधून, एकही हिंदी येऊ न देता उत्तर दिलं.

"सावकाश बघ," तो म्हणाला. "मी उभा आहे."