महादेवचा डबा आणि माझी खिडकी

दुसऱ्याच्या खिडकीत बघू नये, हे मला कळतं. पण सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या बिल्डिंगची गॅलरी सामाईक. उजेडासाठी माझं शिलाई मशीन गॅलरीत, आणि तेही नेमकं शेजारच्या खोलीच्या खिडकीपाशी. ब्लाऊजला हुक लावता लावता मान वर केली की एक किस्सा तयार! आता इतके साठलेत की पोटात मावत नाहीत.

खोलीत दोघं इंजिनिअर. माणचा महादेव आणि पाटणची सुप्रिया. पाण्याच्या टाकीवर बसवायचा छोटा डबा तयार करतात. टाकी भरली की तो मोटर बंद करतो. महादेवचे वडील मेंढरं राखतात. त्यांनी पोराला बजावलेलं, "आपल्या गावच्या टाकीवर चालवून दाव. न्हाईतर चुलत्याकडं मुंबईला जा."

मला कसं कळलं? ते स्पीकरवर बोलत होते, मी ऐकत होते.

*

पहिल्याच आठवड्यात विचारलं, "दिवसभर त्या काळ्या पडद्यावर काय लिहिता रं?"

महादेव म्हणाला, "काकू, डब्यात प्रोग्राम चालतो, त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधून द्यायचं. त्याला इमेज म्हणत्यात. आपण एक ओळीची कमांड लिवायची, कॉम्प्युटर बांधून देतो."

"म्हणजे शिदोरी!"

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग सुप्रिया हळूच म्हणाली, "आम्ही यासाठी चार वर्षं कॉलेजात घालवली, काकू."

त्या दिवशी मी बिल्डिंगभर सांगत सुटले, मला कॉम्प्युटर येतो म्हणून!

*

शिदोरी बांधायला तासभर लागतो, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा दोघं चहाला खाली गेलेली. खोलीत चिटपाखरू नाही आणि पंखा चालू, स्क्रीन चालू! जिन्याखाली जाऊन त्यांच्या खोलीचं मेन स्विच बंद केलं आणि शाबासकीची वाट बघत गॅलरीत उभी राहिले.

"काकू, लाईट गेली का?"

"छे! मी वाचवली."

दहाच मिनिटं राहिली होती म्हणे. महादेव भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. मी त्याला डोकेदुखीची गोळी दिली.

*

पुढं एकदा तीन तीनदा शिदोरी भरली तरी डबा ढिम्म. पडद्यावर नुसत्या लाल ओळी.

मी खिडकीतून म्हटलं, "माप कुणाचं घेतलंत?"

"काकू, प्लीज."

"अगं, परवा मी खालच्या बाईंचा ब्लाऊज त्यांच्या सुनेच्या मापानं शिवला. शिवला झकास. अंगात जाईना, एवढंच."

सुप्रियाची बोटं थांबली. कमांडच्या शेवटी डब्याचं नाव लिहायचं राहिलं होतं, म्हणून शिदोरी मोठ्या कॉम्प्युटरच्या मापाची बांधली गेली. डब्यातली चिप वेगळी!

डबा चालला. खालच्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

*

दसऱ्याला माझ्या मशीनची पूजा केली. हातासरशी म्हटलं, त्यांनी नुकत्याच बनवलेल्या, वेगळ्या चिपच्या नव्या डब्याचीही करू. झाकण उघडंच होतं. हळद, कुंकू, अक्षता, आणि तांब्यातलं थोडं पाणी शिंपडलं.

महादेव धावत आला. "काकू, पाणी कशाला?"

"टाकीचा आहे ना तो?"

"टाकीवर बसवायचाय ओ! टाकीत न्हाई!"

*

गावात डबा दाखवायचा दिवस आला. माझ्या कृपेनं नवा डबा बिघडलेला, म्हणून जुना घेऊन दोघं माणला गेली. दुपारी महादेवचा फोन. मागं माणसांचा गलका.

"काकू, घात झाला. जुन्या डब्याला नव्याची शिदोरी भरली आमी. सगळा गाव टाकीखाली बसलाय, बा पण हाय. सांगलीचा कॉम्प्युटर इथनं लागंना. तुमी... मेन बंद केलंय का?"

"व्हय."

"चालू करा. पण खोली उघडायची कशी? चावी तर आमच्याकडं..."

"माझ्याकडं हाय एक."

फोनवर महादेव खाकरला.

"बरं. कॉम्प्युटर सुरू झाला की पासवर्ड मागंल. लिवून घ्या..."

"गेले मी आत. पुढं बोल."

या वेळी महादेवला ठसका लागला. मग सुप्रियाचा आवाज आला, "विचारू नकोस. पुढचं सांग."

कमांडची ओळ रोज बघून बघून माझी पाठच होती. फक्त शेवटी महादेवनं सांगितलं तसं जुन्या डब्याचं नाव एकेक अक्षर लिहिलं. एंटर! शिदोरी तयार झाली की कॉम्प्युटरच ती नेटवरून डब्यात पाठवणार होता.

तासभर खुर्चीवरून हलले नाही. कुणी मेन बंद करू नये म्हणून आमच्या ह्यांना जिन्याखाली उभं केलं.

"कोण बंद करणार?" हे खालून ओरडले. "तू तर वर आहेस!"

शेवटी हिरवी ओळ आली. मग फोन आला, तो महादेवच्या वडिलांचा.

"मोटर आपली आपण बंद झाली बगा! पोरगं ऱ्हाऊ दे सांगलीत. तुमी कोण म्हनायचं?"

"शेजारीण," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पेढे घेऊन आली. सुप्रियाच्या हातात जाड निळं कापडही होतं.

"काकू, आमच्या खिडकीला पडदा शिवून द्याल? माप घ्यायला टेप आणलीय."

"टेप राहू दे," मी म्हटलं. "माप पाठ आहे."