तुळशीखालचं झाकण

मी हे लिहिणारच नव्हते. आई म्हणाली, मंडळाच्या अंकात लोक गणपतीवर लिहितात, लग्नांवर लिहितात, आणि तू मोरीवर लिहिणार? मग कागद ठेवून दिला. पण काल राधाकृष्णकाकांना बघून आले आणि राहवलंच नाही. भराभर लिहितेय, चुका झाल्या तर होऊ देत.

काका नुव्हेल फ्रांस गावात आमच्या शेजारी राहतात. सगळं आयुष्य चहाच्या कारखान्यात गेलं, पाला वाळवायच्या खोलीत. माणूस असा की वाईट बातमी तोंडातून निघतच नाही. त्यांची गाय मेली तेव्हा राजलक्ष्मीकाकींना म्हणाले, बों अक्योय गावी भावाकडं पाठवलीय, तिकडं गवत चांगलं आहे. काकी विचारायच्या, दूध देते का? हे म्हणायचे, देते, देते. सगळं गाव हसायचं.

साठ साली आपल्या बेटावर जे चक्रीवादळ आलं, त्या सिक्लोननं त्यांचं पत्र्याचं घर नेलं आणि अंगणातली तुळसही नेली. ती तुळस काकींच्या सासूनं लावलेली. काकी नीट जेवेनात, माहेरी लॉंग माउंटनला जाऊन बसल्या. इकडं काकांनी सिमेंटचं घर उभं केलं. संडास घरातच, आणि स्वयंपाकघराच्या बाजूला जमिनीखाली मैल्याची टाकी. आम्ही तिला फोस म्हणतो. काकी परत आल्या तेव्हा फोसवरचं झाकण नुकतंच सुकलेलं. रुंद, सपाट, गुळगुळीत. त्यांना वाटलं, नवऱ्यानं तुळशीसाठी ओटाच बांधून ठेवलाय. त्यांनी त्याच्या मधोमध दगड रचले, वर कुंडी ठेवली, तुळस लावली, आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या. काका बघत होते. खाली काय आहे ते त्यांच्यानं सांगवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. काकी रोज सकाळ-संध्याकाळ त्या झाकणावर चढून प्रदक्षिणा घालत राहिल्या.

मग मोरी तुंबायला लागली. भांडी घासली की पाणी उतरायचं नाही, संडासात ओतलेली बादली परत वर यायची, आणि खालून गुड् गुड् असा आवाज. काकांनी बांबूची कामटी घातली, सोडा घालून गरम पाणी ओतलं. थोडे दिवस बरं, परत तेच. गोपाल गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, छपराचं पाणी फोसमध्ये जातंय, आमच्याकडच्या पावसात कुठली फोस पुरणार? त्यानं पन्हळ दुसरीकडं वळवली. पुढच्या पावसापर्यंत ठीक. मग म्हणाला, जमीन पाणी पीत नाही, चर खणू. चर खणला. काही दिवसांनी मोरीतून काळं पाणी थेट चुलीपर्यंत आलं.

तेव्हा गोपाल म्हणाला की आतला गाळ कधी काढलेलाच नाही, उघडायलाच पाहिजे. झाकण कुठंय? काकांनी घरामागं केळीजवळ बोट दाखवलं. गोपालनं तिथं कंबरेएवढं खणलं. नुसती माती. तो वैतागून वर आला.

"काका, कुठंय ते आठवा. फोसची वाफ झाकणातल्या लोखंडी सळया खालून खाते. वरनं दिसत नाय. कोण उभा राहिला तर सरळ आत."

काका तेव्हापासून झोपेनात. त्यांनी मला नंतर सांगितलं की दुसऱ्या दिवशी ते वाकून बघत होते, तर कुंडीच्या दगडापासून कडेपर्यंत केसाएवढी भेग. आणि काकी वरती, दिवा लावत होत्या.

त्यांनी काय काय केलं! गुडघे दुखतील, खालूनच नमस्कार कर म्हणाले. काकी म्हणाल्या, "माझे गुडघे तुमच्यापेक्षा बरे हायत." इथं वारा लागतो, तुळस पुढच्या दारी नेऊ म्हणाले. काकी म्हणाल्या, आता लग्नाआधी नवरीला हलवायची?

कारण तुळशीचं लग्न जवळ आलं होतं. दर वर्षी गल्लीतल्या सगळ्या बायका त्या ओट्यावर दाटीनं उभ्या राहतात, पोरींना कडेवर घेऊन. मीसुद्धा. त्या दिवसांत काकींच्या अंगणात गेलं की एक गोडसर घाण वास यायचा आणि उदबत्तीनं तो जायचा नाही. भेग बोटाएवढी झाली होती. काकींनी ती शेणानं लिंपून वर रांगोळी काढली.

लग्नाच्या दिवशी दिवेलागणीला आम्ही जमलो. अंतरपाट माझ्या हातात, माझा एक पाय ओट्यावर. आई आणि दोघी-तिघी वर चढल्या होत्या, बाकीच्या चढत होत्या. काका खांबाला धरून उभे होते, तोंड पांढरं. अचानक ते म्हणाले, "उतरा. सगळ्या उतरा."

कोणी हललं नाही. कोणीतरी म्हणालं, काकांना जावई पसंत नाय वाटतं. बायका हसल्या.

"खाली फोस आहे. संडासाची फोस. मी हिला कधी सांगितलं नाय."

आईनं मला दंडाला धरून खाली ओढलं. सगळ्या उतरल्या. काकी तेवढ्या तिथंच उभ्या, हातात आरतीचं ताट.

"सासूबाईंची तुळस," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला हागणदारीवर लावू दिलीत?"

काका म्हणाले, तू जेवली होतीस त्या दिवशी. काकी उतरल्या, पण त्यांच्याकडं न बघता. तुळशीला तिथं कशी ठेवायची? ती उचलायला कोणी पुढं होईना, म्हणून काका चढले. कुंडी उचलली, आणि तिच्या वजनासकट झाकण फुटलं. काका काखेपर्यंत आत गेले. तो वास मी मरेपर्यंत विसरणार नाही. लग्नाला आलेला गोपाल ओरडला की आत कोणी उतरू नका, तिथली हवा माणूस मारते. बैलाचा कासरा टाकून पुरुषांनी त्यांना ओढून काढलं. पायाचं हाड मोडलं होतं, आणि ती घाण हवा छातीत गेली होती.

फोस आता साफ झालीय, नवीन झाकण बसलं, मोरीचं पाणी झरझर जातं. काका मात्र उठत नाहीत. पाय चिघळलाय, दोन शब्द बोलले की दम लागतो. काकी पेज भरवतात. एकदा चमचा थांबवून म्हणाल्या, "आणि गाय?" काकांनी मान हलवली, मेली. काकी म्हणाल्या, मला ठाऊक होतं.

आणि तुम्ही? त्या ओट्यावर चढलेल्या, चढायला निघालेल्यांपैकी माझ्याशिवाय एकीनंही त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. म्हणतात, हिनं इतकी वर्षं घाणीची पूजा केली, तिच्या हातचं पाणी कसं प्यायचं. त्यात माझी आईसुद्धा आहे, हे ती अंकात वाचेलच. अहो, ते बोलले नसते तर आज कोण कोण नसतं, मोजा ना.

चहाच्या कारखान्यामागच्या वाटेला शेवटचं घर. काका दुपारी जागे असतात. या रविवारीच जा. पुढच्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत.