धुरपताबाईचा डावा पाय

आमच्या गल्लीत धुरपताबाईशी कोण बोलत नाही हे सांगत बसण्यापेक्षा कोण बोलतं ते सांगते, ती यादी लहान आहे. मी बोलते. माझी भिंत तिच्या भिंतीला चिकटलेली, तिच्या कोंबड्या माझ्या अंगणात घाण करून जातात, आणि माझ्या कानांना दुसरा कामधंदा नाही. मग करणार काय?

बाई साठीची. अर्धापूरच्या बागांमध्ये तीस वर्षं केळीचे घड डोक्यावर वाहतेय. केळीचा चीक कापडाला लागला की कापड फाटेल पण डाग जाणार नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. धुरपताबाईच्या पायांचं तसंच झालंय. घोट्याखाली सगळं काळपट तपकिरी, आणि टाचांना अशा भेगा की त्यात रुपयाचं नाणं उभं राहील. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी एकदा मलमाची डबी दिली होती. हिनं ते मलम दाराच्या बिजागरीला लावलं. दार तेव्हापासून कुरकुरत नाही. बाईची कुरकुर चालूच.

नवरा पंढरी मात्र गरीब माणूस. दिवाळीच्या सुमारास वारला. जिवंतपणी त्याला दोनच गोष्टी मिळाल्या, असं मी म्हणते: ही बायको आणि चर्चमधली चौथी खुर्ची.

आता खुर्चीचं सांगते. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले. म्हणून ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे मोठ्या उपासनेत, वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात, बारा जण बसतात आणि फादर खाली वाकून त्यांचे पाय धुतात. आमच्याकडे हे बारा जण ठरलेले. एकदा खुर्ची मिळाली की माणूस ती शवपेटीत झोपेपर्यंत सोडत नाही. पंढरी सव्वीस वर्षं चौथ्या खुर्चीवर बसला.

त्यातही आमची खास पद्धत. फार पूर्वीचे एक फादर गुडघ्यानं अधू होते. त्यांना फार वेळ वाकवत नसे, म्हणून ते फक्त उजवा पाय धुवायचे. ते फादर गेले, पद्धत राहिली. त्यामुळे त्या गुरुवारी दुपारी आमच्या वस्तीत बारा पुरुष आपापल्या न्हाणीत बसून एकच पाय दगडानं घासतात. साबण, खोबरेल, काही विचारू नका. फादरला घाणेरडा पाय कसा द्यायचा! म्हणजे पाय धुवायला जायचं ते पाय धुऊन. आणि डाव्या पायाला कोण विचारतो? तो मोज्यात.

धुरपताबाईचं या सोहळ्यातलं काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं. चर्चचे कपडे तीच धुते. वेदीवरच्या चादरी, फादरचे झगे, आणि त्या बारा जणांचे बारा टॉवेल. एकोणीस वर्षं. कोणाच्या पायाला खरूज, कोण बायकोची क्रीम चोरून लावतो, कोणाची कातडी सोलते, सगळं तिला टॉवेलावरून कळायचं. आणि कळलेलं पोटात ठेवायची तिला सवय नाही. भर बाजारात राजशेखर सरांना विचारलेलं मी ऐकलंय, "सर, यंदा पायाला हळद लावली व्हती का? लगीन ठरलं का काय परत?"

राजशेखर सर म्हणजे आमच्या चर्च कमिटीचे सेक्रेटरी. शाळेतून रिटायर झाले, पण हजेरी घेणं सुटलं नाही. बारावी, शेवटची खुर्ची त्यांची.

तर पंढरी गेला, खुर्ची मोकळी झाली, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी धुरपताबाई कमिटीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. मी खिडकीपाशी होते. सहज.

"चौथी खुर्ची मला पायजे," ती म्हणाली.

सर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, ती पंढरीची होती. तुमच्या भावना समजतात, पण..."

"पंढरीची कामून? त्याची त्यानं नेली. मला माझी पायजे."

"बायकांचे पाय फादरनी हातात घ्यायचे? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे टावेल मीच धुते. काय म्हनायचं ते मी म्हनते."

नवीन फादर वसईकडचे. तरुण आहेत, पुस्तकातलं मराठी बोलतात. ते म्हणाले की आता स्त्रियांचेही पाय धुतात, रोमहूनच तशी परवानगी आहे, एका भगिनीला अवश्य बसवा. धुरपताबाईनं सरांकडे असं पाहिलं की सरांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

पण सर काही कच्चे नाहीत. गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी नोटीस बोर्डावर यादी लागली. चौथी खुर्ची: सौ. वर्षाराणी राजशेखर. भगिनी बसवायची होती ना? बसवली. घरचीच.

ही यादी धुरपताबाईला वाचून दाखवायचं पुण्य मीच पदरात घेतलं. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. ऐकलं, आणि हातातलं सूप कोंबड्यांवरच आदळलं.

"त्या नखं रंगवलेलीचे पाय धुनार? आन टावेल मी धुनार?"

"तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं, "पण धुणारच की तुम्ही. तुमच्याशिवाय कोण आहे?"

"उज्वले, तू आग लावाया आलीस का इझवाया?"

"मी फक्त यादी वाचली, वहिनी."

गुरुवार उजाडला. मिस्सा संध्याकाळी साडेसहाला. मी जागा धरायला पावणेसहाला गेले, तर चर्च रिकामं, बारा खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, आणि चौथीवर धुरपताबाई. पाठ ताठ, हात मांडीवर, पाय अनवाणी. बागेतून तशीच आलेली. चंद्रप्पा, आमचे प्रचारक, म्हणजे धर्मशिक्षण देणारे, वेदीपाशी तांब्या-परात मांडत होते, ते मला डोळ्यांनी खुणावू लागले: तुम्ही काढा हिला. मी डोळ्यांनीच सांगितलं: हे तुमचं काम आहे.

लोक आले. बारापैकी अकरा आले. शेवटी वर्षाराणी आली, मोरपंखी साडी, पायांना ताजी लाल पॉलिश, नवीन चप्पल हातात धरलेली, पाय मळू नयेत म्हणून पाऊल टाकायची ती काय तऱ्हा! चौथ्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "ही कोण बसली आहे?"

तिला माहीत नव्हतं असं नाही. पंधरा वर्षं भांडी घासायला ठेवलं होतं हिला.

सर पुढे आले. आवाज हळू, पण दात दिसत होते. "बाई, उठा. यादी वाचली नाही का?"

"मला वाचता येत न्हाई. तुमाला माहीत हाय म्हून तर यादी लावली."

"हे देवाचं घर आहे. इथं तमाशा नको."

"मी गप बसून राहिले. तमाशा कोन करून राहिलं?"

मागून कोणीतरी खुसखुसलं. कोणीतरी "काढा तिला, काढा," असंही म्हणालं, आणि ते एकट्याचं मत नव्हतं. बायकांच्या बाजूनंही माना हलल्या. पंढरीच्या प्रेतयात्रेत पुढे चाललेलेच लोक हे.

चंद्रप्पांना एक युक्ती सुचली. ते बाजूच्या खोलीतून एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. "भांडण कशाला माय, तेरावी टाकतो. तुमी हिकडं बसा."

धुरपताबाईनं त्या खुर्चीकडे पाहिलं. "शिष्य किती व्हते, चंद्रप्पा?"

"बारा."

"मंग तेरावा कोन?"

चंद्रप्पा खुर्चीची पाठ पुसू लागले. प्रचारक माणूस, उत्तर येत होतं, म्हणूनच.

"तेरावा सोता येशू. त्याच्या जाग्यावर बसवता मला? म्हंजी समद्यांचे पाय मीच धुवायचे. ते तर एकोनीस वर्सं करून राहिले." मग ती सरांकडे वळली. "उठवायचं तर हाताला धरून उठवा. पर हात लावायच्या आधी सांगते, टावेलाचं समदं बोलून दाखवीन. पहिल्या खुर्चीपासून बाराव्यापस्तोर. मिस्सा चालू असला तरी."

ओळीतल्या पुरुषांनी पाय खुर्चीखाली ओढले. पहिल्या खुर्चीवाले हळूच म्हणाले, "असू द्या सर, बसू द्या बाईला." तिसऱ्यानं मान हलवली. कोणाला किती भीती होती ते तेव्हाच ओळखता आलं.

राहिली वर्षाराणी. तिनं नवऱ्याच्या खुर्चीकडे बघितलं. सर उठून आपली जागा देऊ शकले असते. अख्खं चर्च बघत होतं. सर काय म्हणाले? "तू जरा बाकावर बस." ती बाकावर बसली, माझ्याच शेजारी, आणि बसताना चप्पल अशी आपटली की आत शिरणाऱ्या फादरनी दचकून पाहिलं.

मिस्सा सुरू झाला, वाचनं झाली, प्रवचन झालं. प्रवचन प्रेमावर होतं. बारा जणांतलं कोणीही शेजाऱ्याकडे बघत नव्हतं.

मग फादर कमरेला टॉवेल बांधून खाली वाकले. चंद्रप्पा तांब्यानं पाणी घालणार, फादर धुणार. पहिला, दुसरा, तिसरा. तीन गोरेगोमटे उजवे पाय, खोबरेलाचा वास. पाणी परातीत पडलं तसंच्या तसं, पिता आलं असतं.

चौथी धुरपताबाई. तिनं उजवा पाय पुढे केला. पाणी पडलं आणि परातीत बागेतली माती उतरली. फादर घोट्याखालचा काळा डाग चोळू लागले. चोळतात, पाणी घेतात, पुन्हा चोळतात. मागच्या बाकांवर चुळबुळ. वर्षाराणी माझ्या कानात म्हणाली, "ई गं."

"न्हाई निघायचं, फादर," धुरपताबाई म्हणाली. तिला हळू बोलता येत नाही, सगळ्यांना ऐकू गेलं. "चीक हाय. नका घासू. आता ह्यो घ्या."

आणि तिनं डावा पाय परातीत ठेवला.

चंद्रप्पांचा तांब्या हवेतच. फादरनी वर तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत होती, नेहमी सगळ्यांकडे बघते तशीच, भांडायला तयार. फादरनी तांब्याकडे हात केला. डावा पायही धुतला, पुसला, दोन्हींवर वाकून ओठ टेकवले.  तिची हनुवटी वरच.

खरी गंमत पुढे. फादर पाचव्यापाशी सरकले, उजवा पाय धुतला, आणि हात पुढे केला. "डावा?"

पाचवे गडबडले. मोजा काढावा लागला. मोज्यातून काय निघालं ते देवाच्या घरात सांगू नये, पण सांगते: अंगठ्याचं नख काळं, बोटांच्या बेचक्यात चिखल वाळलेला, आणि वास तिसऱ्या बाकापर्यंत. सहाव्यांनी आपण होऊनच डोळे मिटून घेतले. सातव्याचा मोजा फाटका, मधून बोट बाहेर. नववे तर भर मिस्सात मोजा ओढता ओढता खुर्चीसकट कलंडले असते. परात दोनदा बदलावी लागली. पहिले तिघं मात्र असे बसले होते, जणू त्यांनी काही पुण्य केलं होतं.

शेवटी सर.

"फादर, डावा राहू द्या," ते कुजबुजले. "दुखतोय जरा."

"दुखतोय?" वसईचं मराठी स्वच्छ घुमलं. "मग तर धुवायलाच हवा."

मोजा निघाला. सरांच्या त्या पायाचं वर्णन मी करणार नाही. वर्षाराणी माझ्या शेजारी पदर तोंडात कोंबून हसत होती, इतकी की बाक हलत होता. बायकोनं हसावं असा तो पाय होता, एवढंच.

त्या दिवसापासून धुरपताबाईला चर्चनं वाळीत टाकलं म्हणा. शुभ शुक्रवारी क्रुसाचं चुंबन घ्यायच्या रांगेत ती उभी राहिली, तर तिच्या मागे चार हात जागा मोकळी. ईस्टरला फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. सगळ्यांनी हात मिळवले, तिच्या बाकापाशी आल्यावर सगळ्यांना खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. तीही कमी नाही. तिनं हात आधीच पाठीमागे बांधून ठेवले होते.

ईस्टरनंतरच्या रविवारी कमिटी बसली; कमिटीत बहुतेक खुर्चीवालेच. मी खिडकीपाशी. सरांनी ठराव वाचला: यापुढे खुर्चीवर कोणाचा कायमचा हक्क नाही. दरवर्षी नवीन बारा जण, आणि जो एकदा बसला तो पुन्हा कधीही बसणार नाही. धुरपताबाईचा काटा काढायचा होता. काटा काढायच्या घाईत सर्वांनी हात वर केले, फादरनी सही केली, वही मिटली. मग पाचवे म्हणाले, "म्हणजे मीपण नाही?"

तिथून जे सुरू झालं ते मी पूर्ण ऐकू शकले नाही, कारण कोणीतरी खिडकी लावून घेतली. नऊ जण एकाच वेळी सरांवर ओरडत होते एवढं कळलं.

मी पळतच धुरपताबाईकडे गेले. ती उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. सगळं सांगितलं, ओरडणाऱ्यांचे आवाज काढून सांगितलं.

"म्हंजी माझी गेली," ती म्हणाली.

"गेली, वहिनी. कायमची."

"आन सरांची?"

"त्यांचीही."

"समद्या अकरांची?"

"सगळ्यांची."

तिनं लसणाची पाकळी सोलली, टरफलं माझ्या अंगणाच्या बाजूला फुंकली. "मला एक डाव मिळाली. ह्यांना सव्वीस सव्वीस वर्सं मिळून रडाया लागले." आणि हसली. मी तिला हसताना पाहिलंय, पण असं पोट भरल्यासारखं नाही.

"पुढच्या वर्षी मी माझं नाव देते बघा," मी म्हटलं.

"दे की. पर खुर्ची धरून बसाया लागतंय, उज्वले. तुला एका जागी दम निघत न्हाई. ह्याच्या घरचं त्याला सांगाया पळती."

याला माझ्याकडे चांगलं झणझणीत उत्तर होतं. पण वर्षाराणीला अजून ठराव कळला नव्हता, आणि तिच्या घरी सर पोचायच्या आत पोचायला हवं होतं.