काकांची कुजबूज

कुजबूज या शब्दाचा अर्थ अख्ख्या बीड जिल्ह्यात एकाच माणसाला कधी कळला नाही, आणि तो माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. आता कुजबूज म्हणजे कशी, कानाशी लागून, पदराआड, तिसऱ्याला काहीतरी चाललंय एवढं कळावं पण शब्द लागू नये अशी. काकांनी त्यातलं कानाशी लागणं तेवढं घेतलं. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, तोंडावर हात धरायचा, "कुणाला सांगू नको बरं का" म्हणायचं, आणि सगळ्या गल्लीला ऐकवायचं! उभा जन्म गेवराईला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनशेजारी गेलेला. त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं, आपण हळूच बोलतोय. एकदा नारायणगडावर कीर्तनात ते शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "मागल्या टायमालाबी महाराजांनी हेच सांगितलतं!" महाराजांनी घसा खाकरला आणि दुसरा दृष्टांत काढला. मावशी तर त्यांना घेऊन कुणाच्या मयतीला जायलाही घाबरायची.

बारावी झाली आणि मला बघायला पाहुणे आले. मला पुढं शिकायचं होतं, पण आमच्या वडिलांपुढं तोंड उघडायची कुणाची छाती होती? मी आपली स्वयंपाकघरात, कांद्याचं निमित्त करून रडत बसले होते. काकांनी ते पाहिलं. वडिलांना आत बोलावलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि कुजबुजले, "साडूभाऊ, पोरीच्या मनात न्हाई. शिकायचं हाय तिला. कावून घाई करता?"

बाहेर चमच्यांचा आवाज थांबला. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली, आणि पाहुणे चहा न घेता उठले. वडील दिवाळीपर्यंत काकांशी बोलले नाहीत. पण मी कॉलेजात गेले. आज शाळेत शिकवते, ती त्या कुजबुजीच्या जिवावर.

मागल्या महिन्यात काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. भेटायला गेले, मावशी चहा टाकायला उठली, तेव्हा इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारून टाकलं. "काका, खरं सांगा, त्या दिवशी मुद्दामच मोठ्यानं बोललात ना?"

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, तोंडावर हात धरला. नुसते ओठच हलले. मला वाकून कान अगदी जवळ न्यावा लागला.

"न्हाई गं माय. मी तर लई हळू बोललतो. त्यांना कसं ऐकू गेलं काय की!"

काकांची कुजबूज आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजीसारखी ऐकली, आणि देवाशपथ, मला ती मुळीच आवडली नाही.