शकूचं रोहिणी नक्षत्र

शकू त्रिलोकेकर रोहिणी नक्षत्रावर जन्मली. रोहिणीचं मूल मामाला वाईट, म्हणून भटजींनी शांत करायला सांगितली. मामाने बाळाचं तोंड पहिल्यांदा तेलाच्या वाटीत बघायचं, मग समोरून. मामा, कमलाकांत विजयकर, हसायलाच लागला. "मी काय कंस आहे?" म्हणत त्याने वाटी बाजूला सारली आणि भाचीला उचलून घेतलं.

शकू तीन वर्षांची असताना वडील वारले. आई तिला घेऊन गिरगावात फणसवाडीला भावाकडे आली. मामी राजलक्ष्मीला मूल नव्हतं. रोज शकूची वेणी तीच घालायची, कोळंबीचं भानोलं भाजलं की त्याची खरपूस कड तिच्यासाठी काढून ठेवायची.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं आणि गिरगाव पेटलं. ठाकूरद्वारच्या बाजूने गोळीबाराचे आवाज येत होते. मामा गॅलरीतले वाळत घातलेले कपडे काढायला गेला, तो आत आलाच नाही. गोळी गळ्यात लागली होती.

तेराव्याला, माणसं बसलेली असतानाच मामी म्हणाली, "गोळी पोलिसांची. पण नेम हिच्या नक्षत्राचा."

त्यानंतर तिने शकूच्या हातचं पाणीही घेतलं नाही. स्थळं यायची, मामी त्यांना जिन्यातच गाठायची, आणि पाहुणे चहा न घेता परत जायचे.

शकू शाळेत शिकवायला लागली. तिथले शास्त्राचे मास्तर चिंतामणी कोठारे एका थंडीत, दिवेलागणीनंतर, मुलींना चौपाटीवर तारे दाखवायला घेऊन गेले. शकूही गेली.

"ती नारिंगी दिसते ना, ती रोहिणी," मास्तर म्हणाले. "म्हातारा तारा आहे, म्हातारपणी सुजलाय. आत्ता दिसतोय तो उजेड साठ-पासष्ट वर्षांपूर्वी निघालाय तिथून."

शकूने मनात हिशेब केला. मामा असता तर पन्नाशीच्या आतच असता. ती जवळजवळ पळतच घरी आली.

"मामी, तो उजेड मामांच्या जन्माआधीचा आहे! त्याचा माझ्याशी काय संबंध?"

मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे ते जन्मायच्या आधीच ठरलं होतं तर."

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. वाडीत सभा भरली. मामीला व्यासपीठावर बसवून शाल-नारळ दिला. माइकसमोर ती रडत म्हणाली, "त्यांनी मुंबईसाठी प्राण दिले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली शकूनेही वाजवल्या.

घरी आल्यावर तिने विचारलं, "मामी, तिथे मामांनी मुंबईसाठी जीव दिला. मग इथे मी कसं मारलं त्यांना?"

"तिथे तसं बोलावं लागतं," मामीने शालीची घडी घालत उत्तर दिलं.

शकू आईकडे वळली. आई दाराला टेकून उभी होती. "आई, तू तरी सांग. तुला काय वाटतं?"

आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माझा एकुलता एक भाऊ होता गं तो."

पुढच्याच आठवड्यात शकू दादरला बायकांच्या वसतिगृहात राहायला गेली. निघताना वाकून नमस्कार केला, तर मामीने पाय मागे घेतले. आई जिन्यापर्यंत आली. ये म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही.